धर्माकाकांचे पंखे

दिवेलागणीला आमच्या शेजारचे धर्माजी घरत आपल्या कॉम्प्युटरला उदबत्ती दाखवतात. रोज. घरात देव आहेत, भिंतीवर एकवीरा आईची तसबीर आहे, पण तिच्या वाट्याला विजेची लुकलुकणारी माळ येते. खरी उदबत्ती, मोगऱ्याच्या वासाची, त्या काळ्या पेटीसाठी. आधी पुढच्या जाळीसमोर धरायची, मग मागे न्यायची, मग डोक्यावर. प्रत्येक ठिकाणी श्वास रोखून बघायचं.

सोसायटीचे नवे सेक्रेटरी एकदा नेमके त्या वेळी काहीतरी सही घ्यायला आले. समोरचा देखावा पाहून त्यांनी दारातच चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले.

"हात कशाला जोडताव?" धर्माकाका खेकसले. "धूर बगा. फुडून आत चाललाय ना? आता मागून भाईर येतो का सांगा."

"येतोय," सेक्रेटरी हात न सोडता म्हणाले.

"मंग बरा."

दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीत बातमी, घरतांनी कॉम्प्युटरमध्ये देव बसवला. सोसायटीच्या ग्रुपवर चारपाच जणांनी नमस्काराची चित्रं टाकली. तो वारा कुठून कुठे जातो हे बघायचा प्रकार आहे, असं मी लिहिलं, तर त्यावरही दोघांनी नमस्काराचीच चित्रं टाकली.

मी या घरतांची शेजारीण. आमची भिंत एक आहे, आणि हल्लीच्या बांधकामात भिंत म्हणजे काय असते ते पनवेलकरांना सांगायला नको. मी कामोठ्याला गणिताच्या शिकवण्या घेते, घरी एकटी राहते आणि मजेत राहते. लोक मला तिरसट म्हणतात. लोकांचं गणित सहसा चुकतं, पण हे उत्तर बरोबर आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात गोडवा शोधू नका. धर्माकाका गोड माणूस नाहीत, आणि त्यांच्या हातून जे झालं तेही गोड नाही.

तो कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला आहे. मुलगा खारघरला राहतो. तो म्हणत होता, लॅपटॉप घेऊन देतो. काका म्हणाले, "बंद डबा मना नको. आत काय चाललाय ते मना दिसला पायजे." मग बाजारातल्या एका दुकानातून एकेक भाग आणत, मोबाइलवर व्हिडिओ बघत, हॉलमध्ये मांडी घालून त्यांनी ती पेटी उभी केली. पहिल्यांदा चालू केली तेव्हा माझ्या फडताळातली भांडी वाजली. पेटीत पुढे दोन पंखे, मागे एक, डोक्यावर एक, आणि सगळे जीव खाऊन फिरत होते. मी भांडायला म्हणून गेले, तर हे हरखलेले. "बाई, वारा बगा वारा!" माझ्या भांडणाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

घरतांचं घराणं मिठागरवाल्यांचं. खाडीच्या कडेने बांध आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे झडप. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर सोडते, भरती आली की पाण्याच्याच जोराने मिटते, आणि मिठापुरतं पाणी हवं असलं की ती हाताने उचलून आत घ्यायचं. तरुणपणी उघाडी सांभाळायचं काम धर्माकाकांकडे होतं. पुढे जमीन सरकारने पैसे देऊन घेतली. आता मिठागर नाही, बांध नाही; तिथे भराव आहे आणि भरावावर विमानं उतरतात. काकांच्या डोक्यातली उघाडी मात्र जागची हलली नाही. पेटीतला वारा त्यांच्या लेखी पाणीच. पुढच्या पंख्यांना ते 'भरती' म्हणत, मागच्याला 'ओहोटी'. डोक्यावरच्याला नुसतंच 'येडा', कारण तो त्यांनी आधी उलटा बसवला होता आणि दोष पंख्याला दिला होता.

"यवढा वारा आत, तवढाच भाईर," ते मला बजावत. "नायतर खांड जायची."

खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. कॉम्प्युटरचा बांध कसा फुटेल, असं मी विचारलं. शिकलेल्या बायकांकडे बघायची त्यांची एक खास नजर आहे, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विषय संपवला.

पंख्यांचा वेग ठरवायला पडद्यावर एक आलेख असतो. आडवी उष्णता, उभा वेग, मध्ये बोटाने ओढावेत तसे ओढायचे ठिपके. पेटी किती तापली की पंखा किती जोरात फिरवायचा, ते त्या ठिपक्यांनी सांगायचं. माझी आठवीतली मुलं करतील इतकं सोपं आहे. धर्माकाकांनी त्यात तिथी घातली. भरतीची वेळ त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून काढत. आमची इमारतही भरावावरच उभी. म्हणून पुनवेला आणि अवसेला उधाणाची भरती, हवा दमट होणार, ठिपके वर. अष्टमीला ठिपके खाली. त्यासाठी कॉम्प्युटरशेजारी खिळा ठोकून कॅलेंडर टांगलेलं.

"काका, कॉम्प्युटरला तिथी कळत नाही."

"मना कलते ना," ते म्हणाले. "बास झाला."

आणि एवढा खटाटोप करून या यंत्रावर ते करतात काय? गेम नाही, हिशेब नाही, शेअरबाजार नाही. ते उपग्रहाचा नकाशा उघडतात. त्यात वर्षं मागे ढकलायची सोय आहे. ढकलत ढकलत ते भराव पडण्याआधी येऊन थांबतात आणि आपलं मिठागर बघत बसतात. पांढरे-करडे चौकोन, मधून बांधाची रेघ. त्यावर घारीसारखे फिरतात. नकाशा फिरला की यंत्र तापतं, यंत्र तापलं की पंखे चढतात, पंखे चढले की काका ठिपके ओढतात. जमिनीच्या पैशातून घेतलेल्या यंत्रावर त्याच जमिनीचा फोटो बघायचा, याला काय म्हणावं मला सुचत नाही, आणि सुचलं तरी ते छापण्यासारखं नसेल.

आतल्या खोलीत मथुराकाकू असतात. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दवाखान्यात असते तशी लोखंडी खाट आहे, बाजूला दांडी. उजेड असावा म्हणून डॉक्टरांनी तोंड खिडकीकडे ठेवायला सांगितलं, त्यामुळे दाराकडे पाठ. आणि मान काही वळत नाही. डावा हात तेवढा चालतो. त्या हातात जाड बांगडी आहे. काही हवं असलं की काकू ती दांडीवर आपटतात. ठण्. पाणी हवं, ठण्. कूस बदलायची, ठण्. सकाळी एक बाई येऊन अंघोळ घालून जाते, बाकीचा दिवस धर्माकाकांचा. त्यांनी कधी हयगय केली असं मी म्हणणार नाही. हयगयीचं खातं त्यांनी आधीच भरलं होतं, ते पुढे सांगते.

पंख्यांचं खरं वेड लागलं ते या बांगडीमुळे. काकूंना दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी काका हॉलमध्ये नकाशा फिरवत होते. पंखे चढले, उतरले, परत चढले, परत उतरले. आतून ठण् ठण् ठण्. काकांनी घाईघाईने ठिपके खाली ओढले आणि धावत आत गेले. "केला कमी! केला गं कमी!" बांगडी थांबली. झालं. मथुराला पंख्याचा आवाज सोसत नाही, हे त्या दिवशी ठरलं.

मग जे सुरू झालं ते तीनेक वर्षं चाललं. पंख्यांच्या स्क्रूखाली रबर आलं. पेटीच्या आतून स्पंज लागला. लहान पंखे गेले, मोठे आणि संथ आले. 'येड्या'ला तर काढूनच टाकलं. दर वेळी तेच: आतून ठण्, काकांनी ठिपके खाली ओढले, धावत आत, "केला कमी", बांगडी गप्प. आणि थोड्या वेळाने पुन्हा ठण्. गंमत अशी, गंमत म्हणजे आपली म्हणायची, की आवाज जितका कमी होई तितकी बांगडी जास्त वाजे. मला भिंतीतून ऐकू येत होतं ना. काकांनी त्याचाही अर्थ लावला. "दुखन्यानी कान तिखट झालाय तिचा," ते म्हणाले, आणि आणखी महागडा पंखा आणायला गेले.

मी एकदा फटकारलंच. "काका, हे सगळं दाराबाहेर बसून कशाला? आत जाऊन बसा की तिच्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "समोर बसलो का ती डोले मिटते, बाई. माजा तोंड बगवत नाय तिला."

मिटेल नाही तर काय करेल, असं माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू. जमिनीचे पैसे आले तेव्हाचे धर्माकाका मी ऐकून आहे, आणि ऐकवणारे तेच. गळ्यात साखळी, पांढरी गाडी, बैलांच्या शर्यती, हायवेवरचे बार. रोज संध्याकाळी चपला हातात घेऊन मागच्या दाराने सटकायचं. काकू चुलीपाशी. त्यांना संशय आला की तिथूनच हाक मारायच्या, "हाव का घरान?" म्हणजे, आहात का घरात? तोवर हे गावाबाहेर. आलं उत्तर तर ठीक, नाही आलं तर बाई समजून जायची आणि एकटी जेवायची. हा किस्सा त्यांनी मला हसत हसत सांगितला होता, पूर्वी, काकू धडधाकट होत्या तेव्हा. काकू तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काकांनी मला बोलावलं. चेहऱ्यावर उजेड पडलेला.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. "काय?"

"कायच नाय!" त्यांनी पेटीवर थाप मारली. यंत्र चालू होतं, नकाशा फिरत होता, आणि खरंच काहीही ऐकू येत नव्हतं. माणूस जमीन परत मिळाल्यासारखा उभा होता.

आतून बांगडी वाजली. ठण्. ते धावत आत गेले, "कायच आवाज नाय गं आता," म्हणून बाहेर आले, तर पुन्हा ठण्. मग थांबेचना. ठण् ठण् ठण्. काकांनी पडद्याकडे बघितलं. ठिपके तळाला होते. कमी करायला काही उरलं नव्हतं.

"आता काय करू, बाई?" ते म्हणाले. असा पडलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "हीच यक गोष्ट तिच्यासाठी करीत होतो. ती पन जमत नाय."

मग त्यांना आठवलं की एकही पंखा न लावता थंड राहणारं काहीतरी मिळतं, नुसती धातूची पाती. लगेच चपला घातल्या. "वाईच बसताव का तिच्यापाशी? हा गेलो न् हा आलो." यंत्र चालूच ठेवून गेले.

मी बसले. काकूंना पाणी पाजलं. उशी वर केली, खाली केली. पडदा ओढला, उघडला. ठण्. डोळे सारखे इकडून तिकडे, कपाळावर आठ्या. मी सेवाभावी बाई नाही; थोड्या वेळाने माझं डोकं उठलं आणि मी हॉलमध्ये येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. तिथी घातलेला आलेख नीट बघावा म्हणून कुठेतरी बोट लावलं, आणि ते भलतीकडेच लागलं. सगळे ठिपके एकदम वर गेले. पेटी गिरणीसारखी घरघरायला लागली. आता हे खाली कसं आणायचं ते मला कळेना. मी घाबरून दिसेल ते दाबत होते, आणि मग लक्षात आलं की बांगडी थांबली आहे.

काही बरंवाईट झालं की काय म्हणून आत पळाले. काकू झोपल्या होत्या. आठ्या गेलेल्या, हात दांडीवरून सुटून चादरीवर पडलेला, श्वास लांब. इतकी स्वस्थ झोपलेली ती बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

काकांना घरघर जिन्यातूनच ऐकू आली असणार. हातातला खोका तसाच घेऊन ते आत घुसले. "मारताव का तिला, बाई!" म्हणत त्यांनी ठिपके खाली खेचले. सगळं शांत झालं.

ठण्.

"थांबा," मी म्हटलं. "परत वर करा."

"येड लागलाय का?"

"करा म्हणते ना!"

त्यांनी केलं. बांगडी थांबली. खाली, ठण्. वर, गप्प. मी जन्मभर मुलांना सांगत आले, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने काय झालं ते कळतं. धर्माकाका दर वेळी दोन गोष्टी करायचे. ठिपके ओढायचे आणि धावत आत जायचे. आत जाऊन उभे राहायचे म्हणून बांगडी थांबायची, आणि श्रेय पंख्याला मिळायचं.

ते खोका मांडीवर घेऊन खाली जमिनीवर बसले.

"मी दुकानान होतो," ते हळूहळू म्हणाले. "घरान नव्हतो. तरी ती झोपली?"

"त्यांना वाटलं, तुम्ही आहात. पंखा वाजतोय म्हणजे तुम्ही बसलाय. वाजत नाही म्हणजे गेलात."

त्यांनी खोक्याचं झाकण उघडलं, परत मिटलं. मग स्वतःशीच म्हणाले, "हाव का घरान?" आणि थोड्या वेळाने, "तेच इचारत होती ती. सारखी तेच इचारत होती. न् मी आवाज कमी करीत बसलो."

ते रडायला लागले. मोठ्या माणसाचं रडणं मला बघवत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. साखर कुठे आहे ते विचारायची सोय नव्हती, म्हणून तसाच बिनसाखरेचा दिला, आणि त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

त्याच दिवशी पेटी आत गेली, खाटेच्या पायथ्याशी, खिडकीजवळ. स्पंज काढला, रबर काढलं, 'येडा' पुन्हा बसवला. पंखे आता मध्यम वेगाने एकसारखे घुमतात. काका काकूंच्या समोर बसून मिठागर फिरवतात आणि काकू डोळे मिटतात. आधीही त्या एवढंच करत होत्या. माणूस समोर आला की त्यांना झोप लागत होती. त्या झोपेला राग समजून हा गृहस्थ तीन वर्षं दाराबाहेर बसला, आणि आतली बाई तीन वर्षं त्याला शोधत राहिली. कुणाला तरी धरून बडवावं असं मला हे आठवलं की वाटतं, पण कुणाला ते ठरत नाही.

मी एक व्यवहाराची गोष्ट सुचवली. "काका, आता तुम्हाला बाहेर जायचं असेल तर यंत्र चालू ठेवून जात जा. त्या निवांत झोपतील, कळणारही नाही."

सोपं होतं. त्या दिवशी दुकानात गेले तेव्हा तसंच तर झालं होतं. पण काकांनी मान हलवली.

"नको, बाई. जलमभर फसवली तिला. आता पंख्याकरवी पन नको."

तेव्हापासून असं चाललंय. साधं दूध आणायला जायचं असलं तरी काका आधी काकूंच्या समोर जाऊन उभे राहतात. "मथुरा, जातो. येतो." मग यंत्र बंद करतात, चपला पायात घालतात आणि निघतात. पंखे थांबले की इकडे बांगडी सुरू होते. ठण्, ठण्, ठण्. ते परत येईपर्यंत. मी भिंतीच्या या बाजूला बसून मुलांच्या वह्या तपासते आणि चिडते. चालू ठेवला असता पंखा तर काय बिघडलं असतं, असं रोज मनाशी म्हणते. एक-दोनदा उठून तिकडे जाऊन बसलेही. पण काकूंना मी नको असते.

मग खालून चपलांचा आवाज येतो. लिफ्ट असली तरी काका जिन्याने येतात, पाय मुद्दाम आपटत. ग्रुपवर त्याची तक्रारही झाली आहे. पहिल्या मजल्यावर असतानाच ते वर तोंड करून ओरडायला लागतात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे.

"हाय गं! हाय घरान! आलो!"

बांगडी एकदाच वाजते. दार उघडतं, आणि भिंतीपलीकडे पंखे फिरायला लागतात.